पाण्यातले बाळंतपण रुग्णालयात करायचे, तर तयारी नेमकी कशाची करावी?

तुमच्या प्रश्नाचा सारांश आधी मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही गोव्यात फोंड्याला राहता, पहिलीच खेप आहे, सध्या ३१ वा आठवडा चालू आहे आणि डॉक्टरांनी दिलेली तारीख चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या आसपासची आहे. बार्देश तालुक्यातल्या एका खासगी रुग्णालयात टबाची सोय आहे असे तुम्हाला कळले आहे आणि तिथे पाण्यात बाळंत व्हावे अशी तुमची इच्छा आहे. यजमान तयार आहेत. सासूबाईंना मात्र दोन गोष्टींची भीती वाटते: बाळाच्या नाकातोंडात पाणी जाईल, आणि ओल्या बाळंतिणीच्या अंगात गारठा शिरेल. तुम्ही विचारले आहे की कोणते सामान घ्यावे, कोणता व्यायाम करावा, आणि ऑनलाइन मिळणारा फुगवण्याचा टब आतापासून मागवून ठेवावा का.

मी परिचारिका आहे, मिडवाइफरीचे, म्हणजे बाळंतपण करण्याचे, रीतसर प्रशिक्षण घेतलेली आहे आणि माझी बहुतेक नोकरी लेबर रूममध्येच गेली आहे. सामानाची यादी मी देणार आहे, पण ती उत्तराच्या शेवटाकडे येईल आणि फार मोठी नसेल. तुमच्या पत्रात जो प्रश्न नाही तोच मला अधिक महत्त्वाचा वाटतो: कोणत्या अटींवर तुम्ही पाण्यात उतराल, आणि कोणत्या क्षणी कोणाच्या सांगण्यावरून मुकाट बाहेर याल, हे तुमच्यात आणि रुग्णालयात आधी ठरले आहे का? माझ्या मते टबाची निम्म्याहून अधिक तयारी ही टबातून बाहेर येण्याची तयारी असते, आणि ज्या जोडप्याने ती केलेली असते त्यांनाच पाण्याचा खरा आराम मिळतो, कारण त्यांचे मन टबाच्या काठाला अडकून राहिलेले नसते.

दोन वेगळ्या गोष्टी आपण सर्रास एकाच नावाने बोलतो, त्या आधी सुट्या करू. कळा सुरू असताना गरम पाण्यात बसून राहणे ही एक गोष्ट, आणि बाळाने पाण्यातच जन्म घेणे ही दुसरी. पहिलीच्या फायद्याबद्दल फारसा वाद राहिलेला नाही. वैद्यकीय चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यात १५ चाचण्या आणि ३,६६३ स्त्रिया होत्या. कळांच्या काळात पाण्यात बसलेल्या स्त्रियांना पाठीत देण्याची भूल थोड्या कमी प्रमाणात लागली आणि बाळाला किंवा आईला अपाय वाढल्याचे आढळले नाही, मात्र सिझेरियनच्या प्रमाणातही म्हणावा असा फरक दिसला नाही. दुसऱ्या गोष्टीबद्दल तज्ज्ञांत एकमत नाही. अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये अशी भूमिका घेतली की निरोगी स्त्रीला कळांच्या पहिल्या टप्प्यात पाणी देऊ करावे, पण जन्म पाण्याबाहेरच व्हावा. ब्रिटनमध्ये उलट पाण्यातला जन्म ही अनेक वर्षे रुळलेली पद्धत आहे, आणि तिथल्या एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेच्या २६ संस्थांमधल्या ७० हजारांहून अधिक स्त्रियांच्या नोंदींवरून २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जोखीम नसलेल्या स्त्रियांसाठी पाण्यातला जन्म बाहेरच्या जन्मापेक्षा अधिक धोक्याचा आढळला नाही. नाळ तुटण्याचे प्रमाण तेवढे पाण्यात जास्त होते.

हा ब्रिटनचा निष्कर्ष वाचून हुरळून जाऊ नका, असे मी प्रत्येक जोडप्याला सांगते. त्या देशात कळा जोरात सुरू झालेल्या स्त्रीजवळ एक प्रशिक्षित मिडवाइफ सलग बसून असते आणि ती त्या वेळी दुसरीकडे जात नाही. आपल्याकडे एका सिस्टरच्या अंगावर दोन-तीन लेबर टेबले आणि वर दाखल होणाऱ्या रुग्णांचे कागद असतात. केंद्र सरकारने २०१८ मध्ये मिडवाइफरी सेवेची मार्गदर्शक तत्त्वे काढली खरी, पण हे मनुष्यबळ अजून सगळीकडे पोचलेले नाही. तेव्हा अभ्यासात सिद्ध झालेली सुरक्षितता ही टबाची नसून टबाशेजारी बसलेल्या माणसाची आहे, आणि ते माणूस तुमच्या रुग्णालयात आहे की नाही हे तुम्हाला स्वतः जाऊन पाहावे लागेल.

आता सासूबाईंच्या पहिल्या भीतीकडे येते, कारण ती अडाणी भीती नाही. पोटात असताना बाळाची फुप्फुसे द्रवाने भरलेली असतात आणि त्याला प्राणवायू नाळेतून मिळतो. डोके बाहेर आले तरी नाळ चालू असते. चेहऱ्याला हवा लागणे, अंगाला गारवा जाणवणे अशा गोष्टींनी पहिला श्वास सुरू होतो. कोमट पाण्याखाली या गोष्टी घडत नाहीत, शिवाय पाणी घशाशी आले की स्वरयंत्र आपोआप मिटते. म्हणून निरोगी बाळ पाण्याखाली श्वास घेत नाही. पण हे वाक्य ‘निरोगी’ या शब्दासकटच खरे आहे. ज्या बाळाला पोटात प्राणवायू कमी पडलेला असतो, त्याची ही आवरून धरण्याची क्षमता मोडते आणि ते पाण्याखालीही आचका देऊन श्वास ओढू शकते. पुढे मी ठोके ऐकण्याबद्दल आणि बाहेर येण्याबद्दल जे काही सांगणार आहे, त्याचे मूळ या एका कारणात आहे. सासूबाईंना हे असेच समजावून सांगा. माझा अनुभव असा की ‘काही होत नाही हो’ म्हणून उडवून लावण्यापेक्षा नेमके कारण सांगितले की वडीलधारी माणसे लवकर आपल्या बाजूला येतात. गारठ्याचे म्हणाल तर टबातले पाणी शरीराच्या तापमानाचे असते आणि बाहेर आल्याबरोबर अंग कोरडे करून पांघरूण घालतात. घरी गेल्यावरचे तेल, शेक, गरम पाण्याची आंघोळ यांत पाण्यातल्या जन्माने काही बदलत नाही. फक्त धुरी बाळाच्या खोलीत नको, आणि ती कोणत्याच बाळाच्या खोलीत नको.

कोणाला टब चालतो? गर्भ एकच असावा, डोके खाली असावे, ३७ आठवडे पूर्ण झालेले असावेत, रक्तदाब आणि साखर ताब्यात असावी, वार (प्लॅसेंटा) गर्भमुखावर आलेली नसावी, रक्तस्राव, ताप, एचआयव्ही किंवा हेपॅटायटिस बी यांपैकी काही नसावे. कळा आणण्यासाठी ठिबकातून औषध चालू असेल तर बाळाच्या ठोक्यांची सतत नोंद लागते, आणि बिनतारी, पाण्यात चालणारे यंत्र नसेल तर टब बाद होतो. आधीचे सिझेरियन असलेल्यांचा प्रश्नही मुख्यतः इथेच अडतो. तुम्हाला तो लागू नाही. यांतली प्रत्येक गोष्ट आज ठीक असली तरी ३८ व्या आठवड्यात ती तशीच असेल याची हमी कोणीही देऊ शकत नाही, म्हणून आज ‘तुमचे वॉटर बर्थ नक्की’ असे सांगून पॅकेजचे पैसे भरून घेणाऱ्या ठिकाणी मला शंका येते.

हिमोग्लोबिनबद्दल थोडे थांबून लिहिते, कारण इतर माहितीत हा मुद्दा क्वचित सापडतो आणि आपल्याकडच्या बायकांना तोच सर्वांत जास्त लागू पडतो. गरोदरपणात ११ च्या खालचे हिमोग्लोबिन म्हणजे रक्तक्षय. बाळंतपणानंतर रक्त किती गेले याचा अंदाज आम्ही टेबलावर कापडांवरून, ट्रेवरून, नजरेने घेतो. पाण्यात हा अंदाज फसतो, कारण चिमूटभर कुंकवाने बादलीभर पाणी रंगावे तसे थोड्या रक्ताने टब लाल दिसतो, आणि एकदा लाल झालेल्या पाण्यात खरोखर जास्त रक्त गेले तरी रंगात तेवढा फरक पडत नाही. ज्या स्त्रीच्या अंगात रक्ताची शिल्लकच कमी, तिच्या बाबतीत मी ही अनिश्चितता पत्करत नाही; नऊ-साडेनऊ हिमोग्लोबिन असेल तर कळांपुरता टब घ्या, जन्म बाहेर होऊ द्या, असे मी स्पष्ट सांगते. तुमच्या हातात अजून दोन महिने आहेत. लोहाच्या गोळ्या रिकाम्या पोटी किंवा लिंबूपाण्याबरोबर घ्या, चहा आणि कॅल्शियमच्या गोळीपासून दोन तास लांब ठेवा, आणि ३४ व्या आठवड्यात पुन्हा तपासून घ्या. गोळ्यांनी आकडा हलला नसेल तर शिरेतून लोह देता येते. ते डॉक्टरांशी त्याच भेटीत बोला.

आता रुग्णालयाची भेट. फोनवर चौकशी करून भागवू नका, यजमानांना घेऊन जा आणि टब ज्या खोलीत आहे ती खोली पाहायला मागा. पहिला प्रश्न गरम पाण्याचा विचारा. हसू नका, हिशेब सांगते. मध्यम टबात छातीपर्यंत पाणी यायला ५०० लिटरच्या आसपास पाणी लागते. पावसाळ्यात टाकीचे पाणी साधारण २७ अंशांचे धरले आणि ते ३७ अंशांवर आणायचे असेल, तर गिझरमधले ६० अंशांचे जवळजवळ १५० लिटर पाणी त्यात मिसळावे लागते. म्हणजे २५ लिटरचा गिझर सहा वेळा भरून तापवायचा; २ किलोवॅटच्या गिझरला प्रत्येक खेपेस अर्धा तास लागतो, एकूण तीन तास झाले, आणि तोवर पहिल्या खेपेचे पाणी निवलेले असते. भिंतीवर एकच छोटा गिझर दिसला तर त्या टबाचा उपयोग मुख्यतः माहितीपत्रकातल्या फोटोपुरता होत असावा, असे समजायला हरकत नाही. मोठा बॉयलर किंवा सौरऊर्जेची टाकी आहे का, आणि सौर असेल तर आषाढ-श्रावणात आठवडाभर ऊन नसताना काय करता, हेही विचारा. वीज गेल्यावर जनरेटर फक्त दिव्यांना आणि ऑपरेशन थिएटरला आहे की गिझरलाही आहे, हा गोव्यातल्या पावसाळ्याचा प्रश्न आहे.

दुसरा प्रश्न पाणी कुठून येते याचा. बार्देशात बराचसा पुरवठा अस्नोड्याच्या प्रकल्पातून होतो, पण अनेक इमारती त्यावर टँकरची किंवा विहिरीची भर घालतात आणि पावसाळ्यात नदीचे पाणी गढूळ असते. पाण्याची जंतूंसाठी तपासणी कधी झाली, त्याचा कागद दाखवता का, टब प्रत्येक वापरानंतर कशाने धुता आणि किती वेळ कोरडा ठेवता, नळीचे तोंड जमिनीवर पडलेले असते की टांगलेले, हे सगळे विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे. पाणी त्या-त्या बाळंतपणापुरते ताजे भरायला हवे. इथेच तुमच्या ऑनलाइन टबाचेही उत्तर देते: घेऊ नका. इंग्लंडमध्ये २०१४ मध्ये घरी आधीपासून भरून हीटर आणि पंपावर गरम ठेवलेल्या टबातून एका नवजात बाळाला लिजिओनेला या जंतूचा संसर्ग झाला आणि तिथल्या आरोग्य यंत्रणेने अशा टबांविरुद्ध इशारा दिला. कोमट, साठलेले, फिरत राहणारे पाणी हे त्या जंतूचे आवडते घर आहे. शिवाय रुग्णालये बाहेरचा टब आत घेत नाहीत, आणि घेत असतील तर ते चांगले लक्षण नव्हे.

तिसरा प्रश्न माणसांचा, आणि याच्या उत्तरावर मी सगळा निर्णय ठेवीन. कळा जोरात असताना माझ्याजवळ सलग कोण बसणार? तिने पाण्यातली बाळंतपणे स्वतः केली आहेत की पाहिली आहेत? पाण्यात चालणारा डॉपलर, म्हणजे बाळाचे ठोके ऐकण्याचे यंत्र, आहे का? पहिल्या टप्प्यात दर १५ मिनिटांनी आणि जोर करण्याच्या टप्प्यात दर ५ मिनिटांनी, कळ ओसरल्यावर पूर्ण मिनिटभर ठोके ऐकले गेले पाहिजेत. साधा डॉपलर असेल तर दर वेळी तुम्हाला उठून पोट पाण्याबाहेर काढावे लागेल, आणि मध्यरात्री दमलेली सिस्टर ते किती वेळा करील हे मी वेगळे सांगायला नको. बालरोगतज्ज्ञ इमारतीत असतात की बोलावल्यावर येतात, सिझेरियन ठरल्यापासून सुरू होईपर्यंत रात्री किती वेळ लागतो, रक्त कुठून आणतात, बाळाला अतिदक्षता लागली तर ते तिथेच राहते की गोमेकॉत (बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) पाठवतात, हे सगळे चवथीच्या दिवसांसाठी म्हणून वेगळे विचारा. त्या आठवड्यात अर्धा कर्मचारीवर्ग गावी असतो आणि जी एकच प्रशिक्षित मिडवाइफ आहे तिच्याही घरी गणपती असतो. ती नसेल तर काय, याचे उत्तर ‘बघू’ असे आले तर त्या दिवसांपुरते तुम्ही टब नसल्याचे धरून चाला.

आणि एक प्रश्न असा, की तो विचारताना समोरच्याचा चेहरा नीट पाहा: मला टबात भोवळ आली तर मला बाहेर कसे काढाल? ज्यांनी हे काम केले आहे ते लगेच दाखवतात की पाणी कसे वाढवतात म्हणजे शरीर तरंगते, डोके कोण धरते, चादर किंवा जाळी खालून कशी सरकवतात, ट्रॉली कुठे उभी असते. ज्यांनी केलेले नाही ते म्हणतात की असे आमच्याकडे कधी होत नाही.

बाहेर येण्याची कारणे पाण्यात उतरण्याआधी तुमच्या फाईलवर लिहून घ्या, आणि ती यजमानांनाही पाठ असू द्या. ठोके ११० च्या खाली किंवा १६० च्या वर राहू लागले, गर्भजल हिरवट दिसले, म्हणजे बाळाने पोटात शी केली, तुम्हाला ताप आला, रक्त गेले, रक्तदाब वाढला, बाळंतपण पुढे सरकेनासे झाले, किंवा वेदना असह्य होऊन पाठीतली भूल हवीशी वाटली, तर बाहेर. पाठीतल्या भुलेनंतर पुन्हा टब नाही. दंडात गुंगीचे इंजेक्शन घेतले असेल तर किमान दोन तास नाही आणि झोप येत असेल तर मुळीच नाही. डोके बाहेर येऊन खांदे अडकले तर एका वाक्यात सांगितले जाईल, उभ्या राहा, आणि त्या वेळी का म्हणून विचारायला अवधी नसतो. तेव्हा आपण आज ठरवून ठेवायचे की ‘बाहेर’ हा शब्द ऐकला की चर्चा नंतर. एवढे ठरले असेल तर पुढचे तपशील सोपे आहेत.

पाण्यात कधी उतरायचे? फार लवकर उतरल्यास कळा मंदावतात, हे मी पुष्कळदा पाहते. गर्भमुख सुमारे ५ सेंटीमीटर उघडून कळा नियमित झाल्यावर पाण्याचा उपयोग सर्वांत चांगला होतो. त्याआधीचा वेळ घरी काढायचा, पण तुमचे घर फोंड्याला आहे. फर्मागुडी, म्हार्दोळ, भोम, बाणस्तारीचा पूल, जुने गोवे आणि मग मांडवी ओलांडून बार्देश, आणि तेही पावसात व चवथीच्या बाजाराच्या गर्दीत. शहरातल्या पहिलटकरणीला मी पाच-पाच मिनिटांच्या कळा तासभर टिकल्यावर निघायला सांगते. तुम्ही सात-आठ मिनिटांच्या कळांवर निघालात तर मी तुम्हाला घाबरट म्हणणार नाही. पाणमोट फुटली, तर कळा नसल्या तरी लगेच निघा आणि पाण्याचा रंग लक्षात ठेवा. वाटेत काही बिनसले तर मांडवी ओलांडू नका, अलीकडेच बांबोळीकडे वळा. टबाच्या ओढीने गोमेकॉ मागे टाकून पुढे जाऊ नका. घरी असताना न्हाणीत स्टुलावर बसून यजमानांनी कमरेवर तांब्याने ऊन पाणी ओतत राहिले तरी कळांना चांगला उतार पडतो. ही सोय टब मिळाला नाही तरी हाताशी असतेच.

टबातले पाणी ३७.५ अंशांच्या वर जाऊ देऊ नये, आणि पाण्याचे व तुमच्या अंगाचे तापमान दर तासाला मोजून लिहिले जावे. गोव्याच्या दमट हवेत कपाळावर घाम फुटला, ओठ सुकले, की पाणी अर्धा-एक अंश कमी करून घ्यावे. आई तापली की पोटातले बाळ तिच्याहून जास्त तापते आणि ठोके वाढतात. पंखा किंवा एसी तुमच्यासाठी लावला असेल तर जन्माच्या आधी बंद व्हावा, कारण ओल्या बाळासाठी खोली २५ ते २८ अंशांची लागते. दर दोन तासांनी लघवीला बाहेर या. भरलेले मूत्राशय बाळाची वाट अडवते आणि नंतर रक्तस्रावही वाढवते. जोर करताना शी होणे अगदी नेहमीचे आहे, त्यासाठी टबाशेजारी गाळणी ठेवलेलीच असते. त्याची लाज धरून जोर आवरू नका.

जन्माचा क्षण प्रत्यक्षात कसा असतो ते सांगते, म्हणजे तुम्ही दचकणार नाही. डोके बाहेर आल्यावर पुढची कळ येईपर्यंत काही वेळ काहीच घडत नाही. आम्ही हात लावत नाही, आरशाने आणि बॅटरीने पाहत राहतो. या वेळी तुम्ही अवघडून कंबर पाण्याच्या वर उचललीत आणि बाळाच्या चेहऱ्याला हवा लागली, तर पुन्हा खाली बसायचे नाही. उरलेले बाळ बाहेरच जन्माला घालायचे. पाण्यातच असाल तर पुढच्या कळेबरोबर अंग सरकन बाहेर येते. बाळाला लगेच, पण हिसका न देता, चेहरा आधी अशा रीतीने पाण्यावर आणायचे. नाळ आखूड असेल तर उचलताना ताण बसून ती तुटू शकते, म्हणून बाळ छातीपर्यंत नेण्याआधी माझी बोटे नाळेवर असतात आणि चिमटे ट्रेमध्ये वरच ठेवलेले असतात. पाण्यात जन्मलेली बाळे पुष्कळदा लगेच रडत नाहीत. निळसर, शांत, डोळे उघडे, असे काही क्षण जातात आणि मग रंग पालटतो. घरच्यांना हे क्षण फार लांब वाटतात, पण आम्ही त्या वेळी नाळेचे ठोके मोजत असतो आणि टॉवेलने पाठ चोळत असतो. बाळ वर आल्यावर त्याचा चेहरा पुन्हा पाण्याला लागू द्यायचा नाही, अंग मात्र कोमट पाण्यात राहिले तरी चालते.

वार पडण्यासाठी तुम्ही बाहेर यावे असे माझे मत आहे. मांडीत ऑक्सिटोसिनचे १० युनिटचे इंजेक्शन घ्यावे, ते नाकारू नये, आणि रक्त किती गेले हे कोरड्या जागी मोजले जावे. काही जणींना बाळ छातीशी असताना उठणे नकोसे वाटते आणि ते मी समजू शकते, पण बाळंतिणीचा जीव धोक्यात येतो तो बहुधा याच तासात.

आता सामान. गडद रंगाचे दोन आखूड सुती गाऊन किंवा कुडते, केसांना रबर, चार-पाच मोठे जुने टॉवेल, घसरणार नाही अशी चप्पल, आणि वाकडी नळी असलेली बाटली. पेज, शहाळे, मीठ घातलेले कोकम सरबत यांपैकी जे पोटात टिकते ते, थोडे थोडे. यजमानांसाठी कोरडे कपडे, कारण ते भिजणारच. ते टबात उतरले नाहीत तर बरे. पोटाला आणि कमरेला खोबरेल तेल लावून टबात उतरू नका, टब निसरडा होतो आणि बाळ हातातून सटकते. सुगंधी तेले, मीठ, फुलांच्या पाकळ्या काही नको. बांगड्या, पैंजण, साखळ्या घरी ठेवा. मोबाइलचा चार्जर टबापासून लांब ठेवा. व्यायामात रोजचे चालणे पुरे, त्याबरोबर उकिडवे बसून उठणे आणि गुडघे-तळवे टेकून राहण्याची सवय करा, कारण टबात बहुतेकींना तीच स्थिती मानवते. उंच काठावरून पाय टाकून आत-बाहेर होण्याचा सराव रुग्णालयातच, कोरड्या टबात, एकदा करून पाहा.

पैशांबाबत एकच: टबासाठी भरलेली रक्कम, तुम्ही त्यात उतरलाच नाहीत किंवा मध्येच बाहेर यावे लागले तर किती परत मिळते, आणि सिझेरियन झाल्यास बिल कसे होते, हे लेखी घ्या.

३४ व्या आठवड्यात हिमोग्लोबिन आणि ३६ व्या आठवड्यात बाळाची स्थिती, वारेची जागा व रक्तदाब यांचे आकडे हाती आल्यावर इथेच लिहून कळवा. रुग्णालयाने गरम पाण्याच्या आणि भोवळीच्या प्रश्नाला काय उत्तर दिले तेही लिहा. त्यावरून जन्मापर्यंत पाण्यात राहायचे की कळांपुरतेच, याबद्दल मला तुम्हाला आजच्यापेक्षा नेमके काही सांगता येईल.